डाग पांढरे, पण कातडीवरचे नव्हेत

पीककर्ज भरायची आमची शेवटची तारीख ३१ मार्च. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण ही तारीख ह्यांनी कधी चुकवली नव्हती. पंचवीस तारखेच्या आतच बँकेत जायचे, पैसे भरून पावती देवळीत ठेवायचे आणि ‘झालं बा एकदाचं’ म्हणत चहा मागायचे. २०२२ सालच्या एक एप्रिलला मी आलमारी आवरायला काढली, तर ह्यांच्या सदऱ्यांच्या घडीखाली पेपरात गुंडाळलेले पैसे जसेच्या तसे! कापूस विकून महिना लोटला होता. पैसे घरात, कर्ज बँकेत, व्याजाची सवलत गेलेली, आणि हे ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडं पाहत बसलेले.

मी बोलले. चांगलीच बोलले. “अवो, पाय मोडले होते काय तुमचे? बँक काय नागपूरले हाये?” शेजारच्या बाया दारात आल्या इतकी बोलले. ह्यांनी मान वर करून पाहिलं. चेहऱ्यावर राग नाही की लाज नाही. म्हणाले, “जाऊनच राहिलो होतो.”

हे ‘जाऊनच राहिलो होतो’ आमच्या घरात वर्षभर चाललं होतं. वावरात जायचं, जाऊनच राहिलो होतो. दाढी करायची, करूनच राहिलो होतो. पूर्वी पायटेच उठून वावराला चक्कर मारून येणारा माणूस नऊ वाजेपर्यंत अंगावरची चादर काढायचा नाही. मी त्याला आळस म्हटलं. माझ्या सासरची माणसं म्हणाली, पोरगा पुण्यात कमावतो, आता कशाला हात हलवतील? नात्यातल्या एकानं तर ‘बाहेरचं काही असेल’ म्हणून लिंबू उतरवायला सांगितलं. तेही केलं, खोटं कशाला बोलू!

चालण्यातला फरक त्याआधीचा. पण तो इतका हळूहळू पडला की घरातल्या माणसाला दिसलाच नाही. पावलं लहान झाली. पाय उचलण्याऐवजी घासू लागले. स्लीपरचा फरफर आवाज यायचा आणि मी म्हणायची, नीट चाला ना, चपला झिजतात. बाजारात वळताना मधेच थबकायचे, जणू पाय जमिनीला चिकटले. दोनदा न्हाणीच्या उंबऱ्याशी पडले. लघवीला जाऊ जाऊ म्हणेपर्यंत धोतर ओलं व्हायचं. ह्या शेवटच्या गोष्टीबद्दल आमच्यात कधी शब्द निघाला नाही. ते गुपचूप धोतर बदलायचे, मी गुपचूप धुवायची. आता वाटतं, त्या एका गोष्टीची लाज सोडून मी आधीच कुणाला सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं.

एका डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी ‘वय झालं, अशक्तपणा आहे’ म्हणून ताकदीची बाटली दिली. वय किती, तर त्रेसष्ट! रक्तदाब तपासला नाही आणि मीही विचारलं नाही. वास्तविक ह्यांना रक्तदाब असल्याचं सात-आठ वर्षांपूर्वीच निघालं होतं. गोळी सुरू झाली, दोन महिन्यांनी ‘आता बरं वाटते’ म्हणून बंद केली. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. तिथंच माणूस फसतो.

शेवटी आमच्या लेकीनं हट्ट धरला. ती दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, “आई, बाबा विसरत नाहीत, पाहिलंस का? नातवाचा वाढदिवस, कोणत्या वर्षी कोणतं वाण पेरलं, सारं सांगतात. पण स्वतःहून काही सुरूच करत नाहीत.” मुलीचं लक्ष आईपेक्षा बारीक असतं, कारण ती रोज पाहत नाही. तिनंच आम्हाला सेवाग्रामला नेलं.

सेलूहून सेवाग्राम काही लांब नाही, वर्ध्याला उतरून पुढं आठ किलोमीटर. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर ह्यांनी तिथं वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं, खेड्यात निघालेलं ते देशातलं पहिलं. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायांची बाळंतपणं तिथल्या कस्तुरबा रुग्णालयात झालेली, त्यामुळं मला ते परकं वाटत नाही. तरी त्या दिवशी पाय कापत होते. डॉक्टरांनी ह्यांना वीस पावलं चालायला लावलं, वळायला लावलं. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. कापसाचा हिशेब तोंडी करणारा माणूस त्र्याण्णवला थांबला. मी मान खाली घातली. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यात साखर, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वही होतं, कारण ह्यातल्या कशाच्या गडबडीनंही माणूस असाच मंदावू शकतो. मग मेंदूचा एमआरआय.

फिल्म खिडकीवर धरून डॉक्टरांनी दाखवली. करड्या मेंदूत मधोमध पांढरे ठिपके, काही ठिकाणी ठिपके एकमेकांना लागून ढगासारखे झालेले. “मेंदूच्या पांढऱ्या भागाचा आजार आहे. लहान रक्तवाहिन्यांमुळं होतो,” ते म्हणाले.

घरी आल्यावर लेकीनं शेजारी एवढंच सांगितलं की बाबांच्या रिपोर्टमध्ये पांढरे डाग आले. झालं! तिसऱ्या दिवशी आळीत बातमी, ह्यांना कोड निघालं. एक बाई तर मलम घेऊन आली. बिचारी मायेनंच आली होती. पण त्या मलमावरून मला उमगलं की हे दुखणं लोकांना समजावून सांगणं हेही आता माझंच काम आहे. तेव्हा मैत्रिणींनो, मला जसं समजलं तसं तुम्हालाही सांगते.

मेंदूचा वरचा थर करडा असतो, विचार करणाऱ्या पेशी तिथं असतात. त्याच्या आत पांढरा भाग. तो म्हणजे तारांचं जाळं. मेंदूच्या एका कोपऱ्याचा निरोप दुसऱ्या कोपऱ्याला आणि पाठीच्या कण्याला ह्याच तारा पोचवतात. त्यांच्यावर चरबीसारखं आवरण असतं, म्हणून रंग पांढरा. आवरण शाबूत असेल तर निरोप झपाट्यानं जातो, विरलं की रेंगाळतो.

आता हे आवरण विरतं कशानं? आमच्या सेलू तालुक्यातल्या माणसाला हे सांगायला फार कष्ट नाहीत. बोर धरणाचा कालवा पाहा. मुख्य कालव्याला पाणी भरपूर, पण टेलच्या वावराला विचारा! मधे गाळ साचला, पाटचारी फुटली की पहिलं कोरडं पडतं ते टेलचं वावर. किंवा केळीच्या बागेतलं ठिबक घ्या. एकेकाळी सेलूची केळी नावाजलेली होती, त्यामुळं इथं ठिबक ठाऊक नाही असं घर नाही. मोटर चांगली, पाइप चांगला, पण बारीक नळ्यांत क्षार साचले की ओळीच्या शेवटची झाडं माना टाकतात. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला रक्त पोचतं ते अशाच बारीक, लांब नळ्यांतून. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला, साखर वाढली, तंबाखू चालू राहिला, की त्या नळ्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. रक्त कमी पोचतं, आणि शेवटची झाडं सुकतात. ह्यांना मी हे असंच सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हणजे आपलं डोस्कं टेललं पडलं.”

दुखणं नवं नाही. ऑटो बिन्सवांगर नावाच्या डॉक्टरांनी १८९४ सालीच असे रुग्ण वर्णन करून ठेवले होते. पण जिवंत माणसाच्या मेंदूत हे डाग दिसू लागले ते अलीकडं, स्कॅनची यंत्रं आल्यावर. रिपोर्टवर ‘फॅझेकास ग्रेड’ असे शब्द असतात, ती १९८७ सालापासूनची मोजपट्टी आहे. एक म्हणजे तुरळक ठिपके, दोन म्हणजे ठिपके जुळायला लागलेले, तीन म्हणजे मोठे पट्टे. ह्यांचा ग्रेड दोन. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते. साठी ओलांडलेल्या पुष्कळ माणसांच्या स्कॅनमध्ये थोडे ठिपके असतातच आणि त्यांना काही त्रास नसतो. दुसऱ्याच कारणानं स्कॅन काढला आणि ठिपके दिसले म्हणून कुणी हाय खाऊ नये. रिपोर्टपेक्षा माणसाकडं पाहावं.

मी डॉक्टरांना विचारलं, डाग जातील का? म्हणाले, नाही. डाग पुसणारं औषध आज कुणाजवळ नाही. पण ते वाढण्याचा वेग कमी करता येतो, आणि त्यातलं पहिलं काम रक्तदाबाचं. अमेरिकेत नऊ हजारांवर लोकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वरचा आकडा १४० च्या आत ठेवलेले आणि १२० च्या आत ठेवलेले असे दोन गट होते. २०१९ साली त्याचे मेंदूबाबतचे निष्कर्ष आले. कडक ताबा ठेवलेल्यांचे डाग कमी वाढले आणि विचारशक्तीची सौम्य घसरणही कमी दिसली. मात्र त्या अभ्यासात मधुमेही घेतले नव्हते, आणि म्हाताऱ्या माणसाचा दाब फार उतरला तर उभं राहताच चक्कर येऊन तो पडतो. तेव्हा आकडा किती ठेवायचा ते डॉक्टरांनी ठरवायचं, वाचून आपण नव्हे. आम्हाला त्यांनी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगितलं. घरी यंत्र आणलं. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, हात टेबलावर, मधे बोलायचं नाही. आकडे मी किराण्याच्या वहीत मागच्या बाजूनं लिहिते.

गोळ्यांसाठी पैशांची ओढाताण असेल तर आधी सरकारी आरोग्य केंद्रात विचारा. रक्तदाबावर ताबा मिळवण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१७ च्या अखेरीस पंचवीस जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात आपला वर्धा जिल्हा होता. रक्त पातळ करणारी गोळी मात्र ‘अमक्याला दिली होती’ म्हणून आपल्या मनानं सुरू करू नये. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला नसेल तर नुसत्या डागांसाठी तिचा फायदा दिसलेला नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र असतो. मलाही एका ओळखीच्या बाईनं मोठ्या मायेनं गोळीची पट्टी आणून दिली होती. परत केली.

आणि खर्रा! विदर्भातल्या बायांना खर्रा काय ते सांगायला नको. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या कागदात घोटघोट घोटायचं आणि दिवसभर गालात. ह्यांचे दिवसाला तीन. ‘मी बिडी पीत नाही, दारू शिवत नाही’ हा ह्यांचा मोठा अभिमान, खर्रा म्हणजे जणू प्रसाद. तंबाखू चघळला काय नि ओढला काय, नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात. तो सोडवायला मला आठ महिने लागले. भांडून सुटला नाही. पानठेल्यावाल्या पोराला मी स्वतः जाऊन सांगितलं, “बापू, काकाजीले देऊ नको, तुझे पैसे बुडत असतील तर माझ्याकडून घे.” त्यानं पैसे घेतले नाहीत, खर्राही दिला नाही. खिशात आता बडीशेप आणि लवंग असते. वर्षातून दोन-चारदा कुठून तरी मिळवतातच, वासावरून कळतं. मी काही म्हणत नाही.

मिठाचं प्रकरण ह्याहून अवघड, कारण तिथं दोषी मी! दिवसभरात माणसी एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडं ताटात डावीकडं लोणचं, ठेचा, पापड, वर भातावर चिमूट. एकदम अळणी केलं तर पहिल्या दिवशीच ताट सरकवलं. मग युक्ती केली. कणकेतलं, भातातलं आणि भाकरीतलं मीठ आधी बंद केलं, कुणाला कळलंही नाही. वरणात आंबोशी किंवा लिंबू वाढवलं. अंबाडीची भाजी तर जात्याच आंबट, तिला मीठ कमी लागतं. ठेच्यात लसूण आणि भाजलेला जवस वाढवला, मीठ निम्मं. पापड तळण्याऐवजी सणावारीच. तीन महिन्यांत जीभ वळली. आता लग्नातल्या पंगतीत हेच म्हणतात, “लयच खारट होतं वो.”

घरातल्या वस्तू हलवायला एक रविवार लागला. जुन्या लुगड्यांची मी स्वतः शिवलेली पायपुसणी होती, ती पहिली काढली. पाय घासत चालणाऱ्या माणसाला त्याहून मोठा शत्रू नाही. स्लीपरऐवजी मागं पट्टा असलेली चप्पल. न्हाणीत आणि संडासात भिंतीला लोखंडी दांडी, गावातल्याच वेल्डिंगवाल्यानं करून दिली. संडासावर ठेवायची भोक असलेली खुर्ची. खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर बारीक दिवा. लघवीसाठी घड्याळ लावलं, घाई होण्याची वाट न पाहता दर दोन तासांनी जायचं. पाणी कमी पाजू नये बरं का! धोतर ओलं होतं म्हणून हे स्वतःच पाणी तोडायला लागले होते. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या वर जातो. अंगातलं पाणी कमी झालं की दाब घसरतो आणि माणूस कोसळतो. आता पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळी सातनंतर बेताचं. धोतराच्या जागी इलास्टिकचा पायजमा आला. त्याला ते नाराज होते, पण नाराजी धुवायला सोपी!

चालणं रोज. फिजिओथेरपीच्या मुलीनं शिकवलं, “काका, टाच आधी, पाऊल मोठं.” मी ओट्यावर खडूनं आडव्या रेघा मारल्या, रेघ ओलांडायची. आमच्या दारापासून देवळापर्यंत पहिल्या महिन्यात अर्धा तास लागायचा. लोक पाहायचे. एकजण म्हणाला, काकाजीले शाळेत टाकलं काय? ह्यांनी त्याच्याकडं पाहिलं, दोन पावलं टाकली, आणि वळून म्हणाले, “तूही ये. नापास झाला होतास ना.” पाच-सहा महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हा.

बोलण्याची रीत मला बदलावी लागली आणि हे सर्वांत जड गेलं. मी एका दमात चार कामं सांगणारी बाई. आता एका वेळी एकच गोष्ट सांगते, आणि उत्तरासाठी मनात दहा आकडे मोजते. निरोप जातोय, उशिरा पोचेल, असं स्वतःला बजावत. आठव्या आकड्याला उत्तर येतं. पूर्वी मी तिसऱ्यालाच ओरडायची आणि त्यांचं निम्मं तयार झालेलं उत्तर विस्कटून जायचं. ‘आज काय करणार?’ असं विचारत नाही, ‘आता तुरीच्या शेंगा सोलू, बसा’ म्हणते. स्वतःहून सुरू होत नाही, पण सुरू करून दिलं की तासभर सोलतात, आणि एकही अळी सुटत नाही. हे काहीच न करावंसं वाटणं म्हणजे आळस नव्हे, ते ह्या आजाराचंच लक्षण आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला त्या एक एप्रिलची शेजाऱ्यांसमोरची माझी बोलणी आठवली. मी ह्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “कायची?” आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, कोण जाणे.

सगळं असं समजूतदारपणे चाललंय असं मात्र समजू नका. गेल्या पावसाळ्यात सलग तीन रात्री चार-चार वेळा उठावं लागलं. चौथ्या दिवशी मी ताट आपटलं आणि माळ्याच्या खोलीत दार लावून बसले. मला वाटलं, हा माणूस माझा नवरा नाही, कुणीतरी त्याचे कपडे घालून बसलंय. असा विचार मनात आला म्हणून पुढं आठ दिवस स्वतःचीच किळस आली. त्यानंतर दोन गोष्टी केल्या. पुण्याच्या मुलाला स्पष्ट सांगितलं की पैसे नकोत, दर दोन महिन्यांनी चार दिवस रात्रपाळी हवी. तो कुरकुरला, पण येतो. मुलगा बापाला आंघोळ घालतो हे पाहून आळीतल्या बायांना नवल वाटतं, मला आता वाटत नाही. आणि दुसरं, १४४१६ हा टेलिमानसचा फोन लावला. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं सुरू केलेला हा क्रमांक आहे, फुकट, रात्री-बेरात्री चालतो, मराठीत बोलता येतं. तिकडच्या मुलीनं उपदेश केला नाही, ऐकून घेतलं. आणि विचारलं, तुमचा स्वतःचा रक्तदाब कधी तपासला? तपासला. १५० निघाला. आता घरात गोळ्यांचे दोन डबे आहेत.

ह्यांनाही मधे उदासी आली होती, जेवण तुटलं, ‘मले वावरात नेऊन सोड’ म्हणायचे. ह्या आजारात मन खचतं आणि त्याला औषध असतं. ते सुरू केल्यावर फरक पडला. तेव्हा असं काही कानावर आलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. आणि एकाएकी तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, तर वाट न पाहता १०८ ला फोन करून मोठं रुग्णालय गाठावं. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. वेळ उमटायला हवी म्हणून आमच्या स्वयंपाकघरात मोठं घड्याळ लावलंय.

आता कागदांचं. बायांनो, ह्याकडं लक्ष द्या, कारण ह्याला मुहूर्त असतो आणि तो निघून जातो. मला वाटत होतं, पुढं-मागं ह्यांना समजेनासं झालं की कुलमुखत्यारपत्र करून घेऊ. वकिलांनी सांगितलं, उलट आहे! करून देणाऱ्याचं चित्त ठिकाणावर असेल तरच ते करता येतं, आणि पुढं त्याची समज गेली की आपल्या कायद्यात साधं मुखत्यारपत्रही संपतं. मग कोर्टाच्या पायऱ्या. तेव्हा जे करायचं ते माणसाला कळतंय तोवर. बँकेचं खातं आम्ही दोघांच्या नावे करून घेतलं, दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल असं. वारस लावले. मृत्युपत्र केलं, त्या दिवशी डॉक्टरांचा दाखलाही सोबत घेतला.

आणि सातबारा. आमची सहा एकर ह्यांच्याच नावावर. १९८९-९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या पुढाकारानं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली होती, बायकोच्या नावे जमीन करण्याची. गावोगाव पुरुषांनी बायकांची नावं लावली. १९९२ साली सरकारनं परिपत्रक काढलं की नवऱ्यानं स्वतःहून अर्ज केला तर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. त्या काळी हे सभेला जाऊन टाळ्या वाजवून आले होते. घरी मात्र विषय निघाला नाही, आणि मीही काढला नाही. तीस वर्षं गेली. आता विषय काढायचा म्हणजे लोक काय म्हणतील? नवरा आजारी पडला आणि हिनं जमीन लिहून घेतली! दिरांनी तसं बोलूनही दाखवलं.

मी ह्यांच्यासमोर एका वेळी एकच गोष्ट ठेवली. अर्ज वाचून दाखवला. दहा आकडे मोजले. वीस मोजले. ते अर्जाकडं पाहत होते. मला वाटलं, नाही म्हणतील, आणि नाही म्हणण्याचा त्यांना हक्क होता. आजारी माणसाचा हात धरून सही घेणारी मी नव्हे. मग म्हणाले, “हे तवाच कराले पायजे होतं. शरद जोशी आले होते तवा. मी करूनच राहिलो होतो.” आणि सही केली. सही लहान झालीय, शेवटची अक्षरं मुंगीएवढी. तलाठ्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली, ते मला बरंच वाटलं.

फटफटीची किल्ली मात्र अजून देत नाहीत. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केलीय. गाडी अंगणात उभी आहे, पेट्रोल मुलानं काढून टाकलंय, किल्ली ह्यांच्या खिशात. रोज संध्याकाळी फडक्यानं पुसतात. पुसू देते.

ह्या वर्षी बँकेत आम्ही दोघं गेलो, बावीस मार्चला. ऑटोनं गेलो. रांगेत कुणीतरी खुर्ची दिली. नोटा मी मोजल्या, मग त्यांनी मोजल्या. त्यांना बराच वेळ लागला, खिडकीतल्या मुलीनं पेन खाली ठेवून वाट पाहिली. एक नोट जास्त निघाली. माझी चूक होती. घरी आल्यावर पावती देवळीत कुणी ठेवायची ह्यावरून थोडं झालं. त्यांनीच ठेवली. तासाभरानं कुठं ठेवली ते मला विचारत होते, पण चहा मात्र आल्या आल्याच मागून घेतला होता.